मोटारीचा मांडव

मोटार घेणे हल्ली फारसे अवघड राहिलेले नाही. बँकवाले आपण होऊन घरी येतात, दुकानदार गाडीला हार घालतो, पेढे देतो, फोटो काढतो आणि किल्ली हातात ठेवतो. खरी अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते. गाडी दारात उभी असते, ऊन चढत असते, आणि घरातली सारी मंडळी पायरीवर उभी राहून विचार करीत असतात की हिला आता ठेवायचे कुठे?

या सदराच्या वाचकांनी हा प्रश्न मला अनेकदा विचारला आहे. आठवड्याच्या अंकात मिळणाऱ्या दीड पानात त्याचे उत्तर मावत नव्हते. दिवाळी अंकात जरा हातपाय पसरून बसता येते, म्हणून आज तो घेतो.

मी राहतो साकोलीला. भंडारा जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. नागपूरहून पूर्वेकडे निघाले की सुमारे शंभर किलोमीटरवर, मुंबई-कोलकाता महामार्गावर लागते. या रस्त्याला पूर्वी सहा नंबरचा म्हणत, आता त्याचा नंबर त्रेपन्न आहे. भोवताली धानाची शेते आणि जुने मालगुजारी तलाव, उत्तरेला नागझिऱ्याचे जंगल. पुण्यामुंबईच्या वाचकांनी ‘हे कुठले गाव!’ म्हणून पान उलटू नये. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, पावसाळ्यात तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि या दोहोंच्या सांध्यावर वळवाची वादळे येतात. साकोलीत जे छप्पर दहा वर्षे टिकले ते तुमच्या बंगल्यापुढे सहज टिकेल.

पहिला प्रश्न असा की खोली बांधायची की नुसते छप्पर घालायचे? नागपूरचे आमचे साडू खोलीच्या बाजूचे. तीन भिंती, पुढे लोखंडी शटर, आत दिवा. ‘लाखांची वस्तू उघड्यावर ठेवणार?’ हा त्यांचा बिनतोड सवाल. पण आमच्या भागातल्या जुन्या घरांकडे पाहा. बैलांसाठी कोठा असे, त्याला भिंती असत, वर कवेलू असत (कौलाला आम्ही कवेलू म्हणतो), आणि बंडी मात्र बाहेर आंब्याखाली नाहीतर एखाद्या उघड्या चाळीखाली उभी असे. बैलाला थंडी वाजते, बंडीला वाजत नाही, इतका साधा हिशेब त्यामागे होता.

गंमत म्हणजे अमेरिकेतला थोर वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राईट हाही याच हिशेबाने चालला. १९३६-३७ मध्ये मॅडिसन गावी जेकब्स नावाच्या एका पत्रकारासाठी त्याने स्वस्त घर बांधले, आणि खर्च वाचवण्यासाठी मोटारीची खोलीच काढून टाकून नुसते पुढे आलेले छप्पर ठेवले. मोटार म्हणजे काही घोडा नव्हे, तिला तबेला कशाला, अशी त्याची भूमिका. त्याने या छपराला ‘कारपोर्ट’ म्हटले आणि तो शब्द जगभर गेला. कल्पना मात्र त्याच्याही आधीची आहे. त्याच्याच हाताखाली पूर्वी काम केलेल्या वॉल्टर बर्ली ग्रिफिनने १९०९ साली एका घराला असे छप्पर जोडले होते. या ग्रिफिनने पुढे ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा राजधानीचा आराखडा केला, शेवटी तो लखनौला काम करायला आला, आणि १९३७ साली तिथेच वारला. त्याची कबरही लखनौलाच आहे. म्हणजे कारपोर्टच्या एका मूळपुरुषाचा शेवट आपल्याच उन्हापावसाच्या देशात झाला म्हणायचा.

आपल्याला मात्र त्या शब्दाची गरज नाही. चार खांब, वर आच्छादन, भिंती नाहीत, याला मराठीत मांडव म्हणतात.

मोटारीला मुख्यतः सावली लागते, याचा पुरावाही आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेम्पे या रणरणत्या गावी गाड्या उन्हात आणि सावलीत उभ्या करून मोजमाप केले गेले, ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तासाभरात उन्हातल्या गाडीच्या आतली हवा सरासरी सत्तेचाळीस अंशांवर गेली आणि पुढची फळी एकोणसत्तर अंशांवर. सावलीतल्या गाडीत हेच आकडे अडतीस आणि अठ्ठेचाळीस होते. भिंत नाही, शटर नाही, नुसत्या सावलीने एवढा फरक पडतो. उलट पत्र्याची बंद खोली आमच्या मे महिन्यात भट्टी होते. चोरीची भीती वाटत असेल तर फाटक मजबूत करा, ते स्वस्त पडते. (एक धोका सावलीनेही टळत नाही. सावलीतल्या बंद गाडीतही लहान मूल क्षणभर एकटे ठेवू नये.)

आता मापे. एक मोटार उभी करायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. पण ती झाली गाडीची जागा. दार उघडून आजीला हात धरून उतरवायचे, मागून पिशव्या काढायच्या, तर दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब हवे. २००६ पासून चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना करात सवलत मिळू लागली, म्हणून आपल्याकडच्या पुष्कळ गाड्या या मापात बसवलेल्या असतात. त्यावर विसंबून कोणी बारा फुटांचा मांडव घालतो, आणि जावई मोठी गाडी घेऊन येतो तेव्हा तिचे तोंड पावसात राहते. उंची सखल बाजूला आठ फूट तरी ठेवावी. त्याहून खाली पत्रा आला तर त्याची धग डोक्यावर बसते.

मांडव कुठे घालायचा, या प्रश्नावर आमच्या घरात आठ दिवस वादळ होते. फाटकातून सरळ आत यावे आणि गाडी उभी करावी ही चिरंजिवांची इच्छा. वेल्डरमिस्त्रीलाही तेच सोयीचे. मधे अडत होता एक कडुनिंब. माझ्या वडिलांनी लावलेला, आता दुमजली घराएवढा. ‘एका दिवसाचं काम आहे,’ चिरंजीव म्हणाले. सौ. गप्प होत्या. आई बाजेवरून उठली नाही, रडली नाही, वडिलांचे नावही तिने काढले नाही. तिने नातवाला एवढेच विचारले, ‘बाबू, मे महिन्यात लाइट जाते तेव्हा मी कुठं बसू, तुझ्या पत्र्याखाली?’

या प्रश्नाला कोणाकडे उत्तर नव्हते. पत्र्याची सावली आणि झाडाची सावली एक नसते हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. पत्रा ऊन अडवतो, पण स्वतः तापून ते खाली सोडतो. झाड पानांतून पाण्याची वाफ सोडीत स्वतः थंड राहते. वीस वर्षांत पत्रा तीनदा बदलता येईल, कडुनिंब नाही. मी फीत घेतली आणि अंगण पुन्हा मोजले. घराच्या पूर्वेच्या अंगाला सव्वाअकरा फुटांची पट्टी सापडली. गाडीला आत येताना एक वळण घ्यावे लागणार होते, बस्स. आणि एक फायदा असा की दुपारी तीननंतर कडुनिंबाची सावली त्याच पट्टीवर येत होती.

हा फायदा योगायोगाचा असला तरी नियम सर्वांना उपयोगी आहे. आमच्या अक्षांशावर मे महिन्याच्या अखेरीस सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो. नागपूरला २६ मेच्या सुमारास सावली क्षणभर पायाखाली जाते. तेव्हा माध्यान्हीचे ऊन कोणतेही छप्पर अडवते. त्रास देतो तो चार वाजताचा तिरपा, छपराखालून आत शिरणारा पश्चिमेचा सूर्य, आणि पावसाचा झोतही बहुधा तिकडूनच येतो. म्हणून मांडवाची पश्चिम बाजू एखाद्या भिंतीच्या, झाडाच्या, नाहीतर बांबूच्या तट्ट्यांच्या आधाराने झाकावी. उत्तर-दक्षिण खुशाल उघडी ठेवावी.

आता आच्छादनाकडे येऊ. बाजारात गेलात की दहा जण दहा वस्तू दाखवतील.

माझे पहिले प्रेम कवेलूंवर. मातीचे गावठी कवेलू असोत की ज्यांना आम्ही ‘इंग्रजी कवेलू’ म्हणतो ते मंगळुरी असोत, त्यांच्याखाली जो गारवा असतो तो दुसऱ्या कशात नाही. पण दोन विघ्ने आहेत. दरवर्षी मृगाआधी कवेलू फेरावे लागतात आणि ते काम जाणणारी माणसे कमी झाली. दुसरे विघ्न चार पायांचे आहे. जंगल जवळ असल्यामुळे वानरांच्या टोळ्या आमच्या गावातून बिनदिक्कत फिरतात, आणि घरावरून मांडवावर उडी मारणे हा त्यांचा सकाळचा व्यायाम. कवेलू फुटून खाली गाडीच्या काचेवर पडणार. राहत्या घरावर कवेलू जरूर ठेवा, मोटारीवर नको.

पारदर्शक प्लॅस्टिकचे, म्हणजे पॉलिकार्बोनेटचे तावही विकायला आहेत. दिसायला छान, खाली उजेड. पलीकडच्या वॉर्डातल्या एका डॉक्टरसाहेबांनी हौसेने घातले. त्या तावांना एका बाजूला उन्हापासून रक्षणाचा थर असतो, तीच बाजू वर यावी लागते. उलटे बसले तर पिवळे पडून तडकतात. नीट बसले तरी उजेडाबरोबर ऊनही आत येते, म्हणजे सावलीसाठी पैसे देऊन आपण ऊनच विकत घेतो. कोकणात किंवा महाबळेश्वराकडे ते चालत असतील, विदर्भात नाही.

सिमेंटचे नागमोडी पत्रे तापायला जरा सौम्य आणि स्वस्त. परंतु त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ॲस्बेस्टॉसचे सारे प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत. कापताना, भोके पाडताना, फुटताना त्यांची धूळ उडते. आणि कापाकापी होते आपल्याच अंगणात, मुले पाहत उभी असतात. मी ते घेत नाही.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी जाळी चार नळ्यांवर ताणावी. पाऊस अडणार नाही, पण ऊन, पक्ष्यांची घाण आणि बारीक गार अडते, आणि घर सोडताना ती गुंडाळून नेता येते.

राहता राहिला लोखंडी पत्रा, जस्ताचा नाहीतर रंगीत मुलाम्याचा. बहुतेकांनी शेवटी तोच घ्यावा असे माझे मत आहे. त्यात पाहायच्या गोष्टी दोनच. जाडी अर्धा मिलिमीटर असावी. ‘रंग बघा साहेब, रंग!’ म्हणत याहून पातळ पत्रा गळ्यात मारला जातो. आणि रंग पांढरा किंवा फिका घ्यावा. विटकरी आणि गडद निळा चित्रात शोभतो, पण ऊन पितो. पावसाचा ताशा वाजेल, त्याला इलाज नाही. आमच्या आईला तो आवाज आवडतो.

अलीकडे आणखी एक आच्छादन आले आहे, सौर पट्ट्यांचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला केंद्र सरकारने अठ्ठ्याहत्तर हजार रुपयांचे अनुदान ठेवले. तेवढ्या पट्ट्या पंधरा-सोळा चौरस मीटरांत बसतात, म्हणजे जवळजवळ आपल्या मांडवाएवढ्याच! मात्र त्यांचा उतार दक्षिणेला हवा, सांध्यांतून पाणी गळते म्हणून खाली पन्हळी लागतात, आणि झाडाच्या सावलीत त्या निरुपयोगी. आमच्या कडुनिंबाने हा बेत मुळातच मोडीत काढला. ज्यांची जागा उघडी आहे त्यांनी अवश्य विचार करावा. विजेची गाडी घ्यायचा मनसुबा असेल त्यांनी फरशी घालतानाच जमिनीतून वायरची नळी टाकून ठेवावी, नंतर फोडाफोड नको.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी दुकानातला माणूस कधी सांगत नाही: वारा. मांडव पडण्यापेक्षा उडण्याची भीती जास्त असते. आमच्या मिस्त्रीने हे शास्त्र एका वाक्यात सांगितले: ‘भाऊ, वारा पत्र्याले वरून दाबत नाही जी, खालून उचलते.’ भिंती नसल्यामुळे वारा खाली शिरतो, वरून वाहताना छप्पर ओढतो, आणि दोन्ही मिळून त्याचा पतंग करतात. वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकात नागपूरसाठी सेकंदाला चव्वेचाळीस मीटर, म्हणजे ताशी सुमारे एकशे अठ्ठावन्न किलोमीटर हा वेग धरला आहे. त्या वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला शंभर किलोच्या वर जातो. आपला मांडव अठरा चौरस मीटरांचा. त्या दाबाचा निम्माच वाटा छपराला वर ओढू लागला, तरी जोर एक टनाचा झाला. आणि अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यांचे वजन सगळे मिळून पाऊणशे ते शंभर किलो!

म्हणून खांब फरशीवर चार खिळ्यांनी ठोकून देणाऱ्या माणसाला नम्रपणे चहा पाजून परत पाठवावे. प्रत्येक खांबाखाली दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा घेऊन त्यात काँक्रीट भरले, की एका खड्ड्याचे वजन साडेसहाशे किलोच्या वर जाते. चार खड्ड्यांनी मांडव जमिनीला बांधला जातो. आमच्याकडे कन्हार म्हणून काळी, खोल जमीन असते. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, तिथे मुरूम लागेपर्यंत खणावे. बरड जमीन असेल तर निम्मी काळजी मिटली. पत्रे खालच्या नळ्यांना स्क्रूने पक्के करताना स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर घ्यावा, खोलगट भागात घेतला की पाणी तिथूनच झिरपते. आणि मजुरी चौरस फुटावर ठरवली तरी लोखंड वजनावर घ्यावे. चौरस फुटाच्या दरात नळीची जाडी कुठे पातळ होते ते कोणाला कळत नाही.

पाण्याची वाट लावणे हे शेवटचे काम. अठरा चौरस मीटरांवर वर्षाला तेराशे मिलिमीटर पाऊस म्हणजे तेवीस हजार लिटरांहून अधिक पाणी. ते शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडले तर दहा वर्षांचा घरोबा एका आषाढात वाहून जातो. आम्ही पन्हळ लावून ते विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात नेले. अंगणभर काँक्रीटही केले नाही. चाकांपुरत्या दोन-दोन फुटांच्या पट्ट्या घातल्या, मधली माती मोकळी ठेवली. कडुनिंबाच्या मुळांनाही प्यायला लागते. कुंपणालगतच्या मोकळ्या जागेत छप्पर घालण्याआधी नगरपरिषदेत विचारून यावे. राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे, आणि खांब उभे झाल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

काम दिवाळीनंतर काढावे. जमीन ओली नसते, ऊन सोसवते, आणि वळवाच्या वादळांपूर्वी काँक्रीटला हवा तितका वेळ मिळतो. आमचा मांडव तसाच मार्गशीर्षात उभा राहिला, त्याला आता दोन उन्हाळे झाले. आईने दोन्ही उन्हाळे कडुनिंबाखाली काढले आणि गाडीने मांडवाखाली.

दिवाळी आली की मात्र सगळा हिशेब फिरतो. हलक्या धानाची कापणी होते, पोती घरी येतात, आणि भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे रात्रीची नाटके आणि घर भरून पाहुणे. गेल्या वर्षी मांडवाखाली एका बाजूला धानाची पोती रचली होती, दुसऱ्या बाजूला सतरंजीवर नऊ पाहुणे झोपले होते, आणि चुलतसासूबाईंनी मधल्या खांबांना दोरी बांधून लुगडी वाळत घातली होती.

गाडी कडुनिंबाखाली उभी होती.